हृदयाचा स्नायू, वाढते वय आणि सीसीएमबीचे संशोधन

हबसीगुड्याला उप्पल रस्त्यावर सीसीएमबी ही संस्था आहे. पूर्ण नाव सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी. कोविडच्या काळात वर्तमानपत्रांत तिचे नाव रोज येत असे, त्यामुळे आता ती घराघरांत माहीत झाली आहे. डॉ. पुष्प मित्र भार्गव यांच्या पुढाकाराने १९७७ साली ती सुरू झाली. आपल्या शहरात राहूनही या संस्थेत नेमके काय चालते याची आपल्याला फारशी कल्पना नसते. तिथल्या एका संशोधनाचा संबंध मात्र थेट आपल्या घरांशी येतो. विषय आहे हृदयाचा स्नायू आणि उतारवय. आपल्या सभासदांत साठी ओलांडलेल्यांची संख्या बरीच असल्याने ही माहिती एका ठिकाणी, सोप्या भाषेत असावी म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, आयुष्य बँकेत गेले. त्यामुळे आकडे तपासून पाहायची सवय आहे, आणि या विषयात तीच जास्त उपयोगी पडते असे मला वाटते.

आधी एक फरक

आपण ‘हार्टचा त्रास’ म्हणतो तेव्हा बहुधा ब्लॉकेजबद्दल बोलत असतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या चरबी साचून अरुंद होतात, त्यातून झटका येतो, मग अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास. इथे दोष नळ्यांचा असतो. पण कधीकधी नळ्या स्वच्छ असतात आणि स्नायूच बिघडतो. त्याला हृदयस्नायूविकार म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत कार्डिओमायोपथी. कुणाच्या हृदयाची भिंत जाड आणि ताठर होते, कुणाचे हृदय फुगून सैल पडते. दोन्हींत रक्त ढकलण्याचे काम कमी पडू लागते. जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, पावलांवर सूज, अचानक घेरी येऊन पडणे ही त्याची लक्षणे. ‘वय झाले, दम लागणारच’ असे म्हणून आपण ती सोडून देतो.

हा बिघाड समजण्यासाठी स्नायू कसा काम करतो हे थोडे पाहावे लागेल. स्नायूच्या प्रत्येक पेशीत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे धागे शेजारी शेजारी असतात. मायोसिनचे टोक ॲक्टिनला पकडून ओढते, सोडते, पुन्हा पकडते. रस्सीखेच चालावी तसे हे चालते, आणि हृदयात दिवसाला सुमारे एक लाख वेळा. त्याला लागणारे इंधन म्हणजे एटीपी. (इथे एक नाव सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हे एटीपी आणि त्याच्या जोडीचे फॉस्फोक्रिएटिन स्नायूत शोधून काढणाऱ्यांत भीमवरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. १९२० च्या दशकात हार्वर्डला सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी ते काम केले. आपण ज्या राज्यात वाढलो त्याच्या शेजारचा हा माणूस, पण आपल्या मुलांना तो क्वचितच माहीत असतो.)

या दोन धाग्यांबरोबर तिसरे एक प्रथिन असते, मायोसिन बाइंडिंग प्रोटीन-सी. त्याचे काम साधारण ब्रेकसारखे. मायोसिनची सगळी टोके एकाच वेळी ओढायला लागू नयेत, काही विश्रांतीत राहावीत, ही व्यवस्था ते पाहते. ब्रेक सैल झाला तर हृदय गरजेपेक्षा जास्त जोर लावते, जास्त इंधन जाळते आणि दोन ठोक्यांमध्ये नीट सैलावत नाही. हे प्रथिन कसे बनवायचे याची कृती अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेली असते. त्या जनुकाचे नाव एमवायबीपीसी-३.

पंचवीस अक्षरांची गाळ

डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक मजकुराची पोथी आहे असे समजा. एमवायबीपीसी-३ जनुकात शेवटाकडे २५ अक्षरे गळालेली आहेत, हे २००३ च्या सुमारास काही भारतीय हृदयरुग्णांच्या कुटुंबांत आढळले. ही अक्षरे प्रत्यक्ष कृतीतली नाहीत, दोन परिच्छेदांमधल्या मोकळ्या भागातली आहेत. पण ती गळाल्याने पेशी वाचताना चुकते आणि शेजारचा एक अख्खा परिच्छेद वगळून पुढे जाते. तयार होणाऱ्या प्रथिनाचे शेपूट बदलते.

एखाद्या कुटुंबात असा दोष सापडणे नवे नव्हते. नवी गोष्ट पुढे आली ती जानेवारी २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात. सीसीएमबीचे डॉ. कुमारसामी थंगराज, मदुराई कामराज विद्यापीठाचे पेरुंदुराई धंदपाणी आणि देशापरदेशातील त्यांचे सहकारी यांनी तो निबंध लिहिला. सीसीएमबीचे तेव्हाचे संचालक डॉ. लालजी सिंग होते. डीएनए फिंगरप्रिंटिंग भारतात आणणारे तेच.

त्यांनी देशभरातील शंभराहून अधिक समाजांतील सव्वासहा हजारांच्या आसपास लोकांचे नमुने तपासले. ही गाळ सुमारे ४ टक्के लोकांत निघाली. म्हणजे पंचवीस माणसांत एक. ईशान्य भारतात ती जवळजवळ नाही. पाकिस्तान, श्रीलंका, मलेशिया, इंडोनेशियात आढळते. युरोपीय, आफ्रिकी किंवा चिनी वंशाच्या लोकांत ती दिसत नाही. जगात सुमारे सहा कोटी लोकांत ती असावी असा तेव्हाचा अंदाज होता. संशोधकांच्या हिशेबाने ही चूक पहिल्यांदा घडली त्याला तीसेक हजार वर्षे झाली. म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड असे भेद पडण्याच्या कितीतरी आधीची ही ठेव आहे. गणेशोत्सवात आपल्या सभागृहात दोनशे माणसे बसलेली असतील तर सरासरीने त्यांतील आठ जणांत ती असणार. त्या आठांत आपण आहोत की नाही हे कुणालाच माहीत नसते.

इतकी जुनी चूक टिकली कशी?

इथे उतारवयाचा संबंध येतो, आणि मला या संशोधनातला हाच भाग सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. तरुणपणी पेशीची सफाई यंत्रणा तल्लख असते. बिघडलेले प्रथिन ती वेळच्या वेळी मोडून टाकते. त्यामुळे माणूस खेळतो, नोकरी करतो, लग्न करतो, मुले होतात, सगळे ठीक. वय वाढते तशी ही सफाई मंदावते, बिघडलेले प्रथिन साचत जाते आणि त्रास बहुधा पंचेचाळिशीनंतर डोके वर काढतो, असे संशोधकांनी त्यावेळी मांडले. तोपर्यंत ते जनुक पुढच्या पिढीत गेलेले असते. जो दोष लहानपणीच मारतो तो निसर्ग गाळून टाकतो. जो पन्नाशीनंतर बोलतो त्याकडे निसर्गाचे लक्ष नसते.

आम्ही बँकेत याला आकस्मिक देयता म्हणायचो. ताळेबंदाच्या आत ती दिसत नाही, खाली तळटिपेत असते. घडली तर द्यावी लागते, न घडता खाते बंदही होऊ शकते. हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला असेल तर प्रत्येक अपत्यात तो जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. दोघांकडून आला तर परिणाम बराच गंभीर, पण असे फार थोडे असतात. आपल्याकडे काही घरांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत होती. अशा नात्यात दोघांकडे तीच गाळ असण्याचा संभव वाढतो, म्हणून त्या कुटुंबांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

‘सात पट’ म्हणजे काय

२००९ साली वर्तमानपत्रांनी मथळे दिले की हे जनुक असलेल्यांना हृदयविकाराचा धोका सात पट. निबंधात आकडा ६.९९ असा आहे आणि सोबत मर्यादाही दिली आहे, साधारण ३.७ ते १३.६. इतका रुंद पट्टा असेल तर मधला आकडा दगडावरची रेघ समजू नये, हे व्याजदराचे अंदाज वाचणाऱ्या कुणालाही कळेल.

मूळ मोजणी पाहिली की चित्र स्वच्छ होते. पहिल्या टप्प्यात हृदयस्नायूविकाराचे ३५४ रुग्ण घेतले. त्यांपैकी ४९ जणांत ही गाळ होती. तुलनेसाठी २३८ निरोगी माणसे घेतली, त्यांत ७ जणांत ती होती. रुग्णांत प्रमाण कितीतरी जास्त आहे, यात वाद नाही. पण त्याच आकड्यांतून आणखी दोन गोष्टी दिसतात. ३५४ पैकी ३०५ रुग्णांत ही गाळ नव्हतीच, त्यांचा आजार दुसऱ्या कारणाने झाला. आणि ७ माणसे ती बाळगूनही निरोगी होती. ‘सात पट’ म्हणजे दहांपैकी सात जणांना आजार होईल असा अर्थ मुळीच नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांत हा घोळ हमखास असतो.

पुढे काय कळले

विज्ञानात एक निबंध म्हणजे शेवटचा शब्द नसतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत सक्तिवेल सदयप्पन आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. २,४०१ लोकांपैकी सुमारे ६ टक्क्यांत ही गाळ आढळली. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच निघाली. गाळ असलेल्या साधारण दहांतील एकाच्या त्याच जनुकात दुसराही एक बदल होता, आणि हृदयाच्या कामातील फरक या दोन्ही गोष्टी एकत्र असणाऱ्यांत ठळक दिसला.

२०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांसह एका गटाने आणखी पुढचा प्रश्न विचारला. जाड भिंतीचा विकार असलेल्या दक्षिण आशियाई रुग्णांचे अख्खे जनुक त्यांनी वाचले. तेव्हा असे दिसले की २५ अक्षरांच्या गाळीसोबत काही लोकांत त्याच जनुकात एक निराळा, विरळा बदल पिढ्यानपिढ्या जोडीने चालत आला आहे. जाड भिंतीच्या विकाराचा दोष बहुतांशी त्या सोबत्याकडे जातो. नुसती गाळ असलेल्यांत त्या विकाराचा धोका वाढलेला आढळला नाही.

कर्ज थकले की आधी जामीनदाराचे नाव पुढे येते आणि चौकशीअंती मूळ कर्जदार दुसराच निघतो, तसा काहीसा हा प्रकार. याने सीसीएमबीचे काम चुकीचे ठरत नाही. त्यांनी योग्य घर दाखवले, त्या घरातला नेमका माणूस पुढच्यांनी ओळखला. हृदय फुगून सैल पडण्याच्या विकारात आणि उतारवयातील हृदयदौर्बल्यात या गाळीचा वाटा किती, यावर अजून अभ्यास चालू आहे. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. आपल्यात ही गाळ आहे एवढे कळले म्हणून घाबरून जाण्यासारखे काही नाही. परदेशातील मुलांनी घरपोच किट मागवून जनुक-चाचणी केली आणि अहवालात हे नाव आले, तर तो अहवाल घेऊन हृदयरोगतज्ज्ञाकडे जावे. अर्थ इंटरनेटवर शोधत बसू नये.

औषधे

हृदयस्नायूच्या विकारावर वापरली जाणारी औषधे बरीच वर्षे आजूबाजूने उपाय करणारी होती. बीटा-ब्लॉकर ठोके मंद करतात, हृदयाला भरायला वेळ मिळतो. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधले, त्यांना १९८८ चे नोबेल मिळाले. सैल पडलेल्या हृदयासाठी रक्तदाब कमी करून ओझे हलके करणाऱ्या गोळ्या, सूज उतरवणाऱ्या लघवीच्या गोळ्या हे आपल्या परिचयाचे आहे.

ब्रेकच्या बिघाडावरच काम करणारे औषध २०२२ मध्ये आले. मॅव्हाकॅम्टेन. ते मायोसिनच्या टोकांना विश्रांतीत बसवते, म्हणजे ब्रेक जे काम करायचा तेच गोळी करते. जाड भिंतीमुळे रक्ताचा मार्ग अडणाऱ्या रुग्णांसाठी अमेरिकेने त्याला एप्रिल २०२२ मध्ये मान्यता दिली. जनुकाची कृती वाचता आली म्हणून गोळी बनवता आली, असे याबाबतीत म्हणता येते. पण ब्रेक जास्त दाबला गेला तर हृदय अशक्त होते, म्हणून हे औषध चालू असताना वरचेवर इको करावा लागतो.

या औषधाची एक गोष्ट आपल्या सर्वांच्या कामाची आहे. यकृतातील सीवायपी-२सी-१९ नावाचे विकर त्याला शरीराबाहेर काढते. हे विकर जन्मतः मंद असणाऱ्यांचे प्रमाण भारतीयांत युरोपीयांपेक्षा जास्त आहे. अशांच्या अंगात हे औषध साचते. आता उलट बाजू पाहा. स्टेंट घातलेले आपले अनेक सभासद क्लोपिडोग्रेल घेतात. ते औषध पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते आणि याच विकराने जागे होते. विकर मंद असेल तर रक्त पातळ ठेवण्याचे त्याचे काम कमी पडते. आणि ॲसिडिटीसाठी आपण दुकानातून आपल्या मनाने आणतो ते ओमेप्राझोल याच विकराला अडवते. म्हणून क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ॲसिडिटीची कोणती गोळी चालेल हे डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ‘साधी गॅसची गोळी’ म्हणून ही गोष्ट सांगायची राहून जाते.

समाज आणि भूल

थंगराज यांचे आणखी एक काम याच धाग्याचे आहे. हार्वर्डचे डेव्हिड राइश आणि इतरांबरोबर त्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ गट असे निघाले की थोड्या पूर्वजांपासून वाढले आणि नंतर शतकानुशतके आपापसातच लग्ने करत राहिले, आणि तेही फिनलंडचे लोक किंवा अश्कनाझी ज्यू यांच्याहून जास्त प्रमाणात. अशा गटात एखाद्या पूर्वजाचा दोष पुष्कळांत पसरतो.

आपल्या शेजारचे उदाहरण वैश्य समाजाचे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलीन हे इंजेक्शन वापरतात. रक्तातील एक विकर त्याला काही मिनिटांत मोडते. या समाजातील काही जणांत ते विकर नसते. मग मिनिटांचे काम तासांवर जाते, श्वासाचे स्नायूही सैल राहतात आणि तोपर्यंत रुग्णाला यंत्रावर ठेवावे लागते. या भागातील भूलतज्ज्ञांना ही गोष्ट ठाऊक असते आणि ते समाज विचारतात. त्या प्रश्नाचा राग मानू नये. आपल्याही घरात कुणी भूल दिल्यानंतर नेहमीपेक्षा फार उशिरा शुद्धीवर आले असेल, तर ते ऑपरेशनपूर्वी न विचारताही सांगावे.

अंगाच्या स्नायूंबद्दल थोडेसे

हृदय सोडून बाकीचे स्नायूही वयाबरोबर झिजतात, त्याला सार्कोपेनिया म्हणतात. उभे राहताना खुर्चीचा हात धरावा लागणे, बरणीचे झाकण न उघडणे ही सुरुवात. सीसीएमबीपासून फार लांब नाही, तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिने २०२० मध्ये दिलेले प्रमाण दर किलो वजनाला दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने असे आहे. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. वरण, दही, उसळ, दाणे धरून आपल्या रात्रीच्या हलक्या जेवणात किती येते ते एकदा लिहून पाहावे. बहुतेकांच्या बाबतीत हिशेब तोट्याचा निघेल. (मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.) नुसते चालणे पुरत नाही, खुर्चीतून उठबस, थोडे वजन उचलणे यांनीच स्नायू टिकतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने काहींचे स्नायू दुखतात. दुखले तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे, मात्रा किंवा औषध बदलता येते.

कुणी काय तपासावे

सरसकट सगळ्यांनी जनुक-चाचणी करावी असे या संशोधनातून निघत नाही. पण घरात कुणी चाळिशी-पन्नाशीत अचानक गेले असेल, कुणाला हृदयस्नायूविकार किंवा ‘हृदय मोठे झाले’ असे सांगितले असेल, खेळताना-धावताना कुणी बेशुद्ध पडले असेल, तर त्यांच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी ईसीजी व टूडी इको करून घ्यावा. इको साधी, न दुखणारी तपासणी आहे. स्नायूची जाडी आणि जोर दोन्ही तीत दिसतात. एकदा नॉर्मल आला म्हणून कायमचे सुटलो असे नाही, कारण हा विकार उशिराने प्रकट होतो. पुन्हा केव्हा करायचा ते डॉक्टर सांगतील. जनुक-चाचणी करायचीच तर आधी आजारी असलेल्या व्यक्तीची करावी. तिच्यात बदल सापडला तरच बाकीच्यांत तो शोधण्याला अर्थ आहे.

आणि आपल्या घरातील आधीच्या दोन पिढ्या कोणत्या वयात, कशाने गेल्या हे एका कागदावर लिहून ठेवावे. ‘हार्टने गेले’ एवढेच न लिहिता झोपेत गेले की चालताना, आधी धाप लागत होती का, पाय सुजत होते का, असे जेवढे आठवेल तेवढे लिहावे. ज्यांना हे आठवते ती आत्या-मावशी अजून आपल्यात आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे आणि त्या कागदाची एक प्रत पुण्याला, बंगळूरला, न्यू जर्सीला असलेल्या मुलांना पाठवावी.